माझ्या बाळाला दुसऱ्याचा आकडा

मित्रांनो, मी एक जुना आकडा आहे. तुम्ही मला कधी पाहिले नसेल. सुपीरियर सरोवराच्या काठावरच्या एका लहान गावात मुलांचा दवाखाना आहे. त्याच्या मागच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर माझे सारे आयुष्य गेले.

आमच्या अमेरिकेत प्रत्येक सुईला एक पाच अंकी आकडा असतो. दवाखान्याने बाळाला सुई टोचली की तो आकडा विमा कंपनीला कळवायचा. कंपनीने तो मान्य केला तरच सुईची किंमत मिळते. माझी सुई तर फार महागाची. त्यामुळे ती टोचण्याच्या आधीच कंपनीची परवानगी लागे. कंपनी नाही म्हणाली की सुई बाटलीत आणि बाळ घरी!

आरएसव्ही नावाचा एक विषाणू आहे. धडधाकट मोठ्या माणसाला तो बहुधा नुसती सर्दी देतो. पण दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाच्या छातीत शिरला, की त्याच्या दोऱ्यासारख्या श्वासनळ्या बुजवून टाकतो. लस शरीराला लढायला शिकवते, पण इतक्या चिमुकल्या जिवाला शिकायला वेळ कुठला? म्हणून माझ्या इंजेक्शनात लढणाऱ्या अँटीबॉडी तयारच असत. त्या महिनाभर टिकत. मग पुन्हा सुई. असे सारा हिवाळा.

आमच्या दवाखान्यातले माझे पहिले बाळ म्हणजे वॉरेन हकाला. सातव्या महिन्यात जन्मलेला. त्याची आई जोलीन लाकडाच्या वखारीत काम करी. दर महिन्याला बर्फातून गाडी हाकत ती त्याला घेऊन येई. एकदा गाडी रस्ता सोडून खड्ड्यात गेली, तर पोराला कोटाच्या आत छातीशी बांधून ती चालत आली होती.

मला लिहिणाऱ्या बाईंचे नाव मार्लिस. जाड भिंगाचा चष्मा आणि त्याहून जाड आवाज. वॉरेनच्या तिसऱ्या सुईला विमा कंपनीने नकार दिला, तेव्हा त्यांनी फोन उचलला.

"काय म्हणालात? दोन सुया पुरेत? अहो, हिवाळा संपला का तुमच्याकडे? आमच्या दारात कंबरभर बर्फ आहे. या बघायला! येताना फावडं आणा."

मला परवानगी मिळाली. मार्लिसबाईंनी टेबलावर मूठ आपटली आणि परिचारिका डॉनेटला हाक मारली, "टोच गं त्या पोराला!" त्या दिवशी मी इतका फुगलो, की पाच अंकांत मावेनासा झालो. फ्लूच्या लशीचा आकडा माझ्या शेजारीच राही. वर्षाला शेकडो वेळा लिहिला जाई बिचारा, पण त्याच्यासाठी कधी कोणी मूठ आपटली नाही. मी त्याच्याकडे तुच्छतेने पाही.

वॉरेन जगला. गुबगुबीत झाला, शाळेत गेला, बर्फावर हॉकी खेळून दात पाडून आला. त्याच्या मागून माझी कितीतरी बाळे आली. दोन तपे मी या खोलीत राज्य केले.

आणि मग तो आला.

नवा आकडा. विषाणू तोच, काम तेच. पण त्याच्या इंजेक्शनातल्या अँटीबॉडी एका सुईत सारा हिवाळा टिकत. शिवाय माझ्यासारखे फक्त नाजूक बाळांसाठी नाही, पहिल्या हिवाळ्यातल्या जवळजवळ सगळ्याच बाळांसाठी. त्यात ते जुळे! पाच किलोच्या आतल्या बाळांना एक आकडा, वरच्यांना दुसरा. एवढ्यावर भागले नाही. गरोदर बायकांना द्यायची एक लसही निघाली. तिचा आणखी वेगळा आकडा. माझ्या घरात एकदम एवढे पाहुणे, आणि सगळे मालकासारखे वागणारे!

"एका सुईत काम, मार्लिस!" डॉनेट आनंदाने म्हणाली. "पोरांना महिन्याच्या महिन्याला रडवायला नको."

"आणि मला महिन्याच्या महिन्याला भांडायला नको," मार्लिसबाई म्हणाल्या आणि चक्क हसल्या.

मित्रांनो, त्या हसल्या ना, तिथेच माझ्या काळजाचे पाणी झाले. मला वाटत होते, त्यांना माझ्यासाठी भांडायला आवडते.

त्यानंतर मी फक्त जळत राहिलो. सकाळी तो लिहिला जाई, दुपारी तो लिहिला जाई. मुलांच्या डॉक्टर पेल्की, अतिशय मोजके बोलणाऱ्या बाई, त्यासुद्धा दारातून डोकावून म्हणाल्या, "नव्याचं छान चाललंय म्हणे." माझे इतक्या वर्षांत छान चालले होते, तेव्हा कोणी डोकावले नव्हते. सुरुवातीला काही विमा कंपन्यांच्या कॉम्प्युटरला तो ओळखूच येईना. 'असा आकडा नाही' म्हणून परत येई. तेवढे दिवस मला फार गोड गेले.

मग एक गोष्ट घडली. देशभर नव्या इंजेक्शनला इतकी मागणी आली की ते पुरेना. त्यात पाच किलोच्या वरच्या बाळांची मात्रा आमच्या फ्रिजमधून पार संपली. आणि नेमका त्याच आठवड्यात एक उंच, दाढीवाला तरुण बाळाची टोपली हातात घेऊन मागच्या खोलीच्या दाराशी उभा राहिला.

"मार्लिस, ओळखलंत का?"

मार्लिसबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. "पुढचा दात नाही म्हणजे हकालांचा वॉरेन! आणि हे काय घेऊन आलास?"

"माझी मुलगी. टिली. तीही लवकर आली, माझ्यासारखीच. वर हृदयाला भोक आहे. डॉक्टर म्हणतात, ऑपरेशन वसंतात करू, पण तोवर छातीला काही होता कामा नये." त्याने टोपलीतले पांघरूण सारखे केले. "आणि तिचं वजन पाच किलोच्या वर, त्या मापाची नवी सुई तर संपलीय म्हणे."

डॉक्टर पेल्की त्याच्या मागेच आल्या होत्या. "जुनी देऊ या," त्या म्हणाल्या. "मिळतेय अजून. मार्लिस, कंपनीला विचार."

माझे पाचही अंक ताठ उभे राहिले. वॉरेनची मुलगी! माझ्या पहिल्या बाळाचे बाळ! आता तरी त्या जुळ्यांना कळेल, अडीअडचणीला कोण धावून येतो ते.

पण कंपनीचा नकार आला. नवे औषध असताना जुने कशाला, असे त्यांचे म्हणणे. मार्लिसबाईंनी फोन उचलला. खूप दिवसांनी तो जाड आवाज खोलीत घुमला.

"नवं औषध आहे? कुठे आहे? तुमच्या टेबलावर आहे का? मग पाठवा की ताबडतोब! नाही ना? मग ऐका. माझ्यासमोर एक पोरगी आहे. हिच्या हृदयाला भोक आहे. खाली मोठ्या शहरातल्या रुग्णालयात याच विषाणूनं आजारी पडलेल्या बाळांना खाटा मिळत नाहीयेत. हिला श्वास लागला तर कुठे ठेवायची, तेही तुम्हीच सांगा. मी लिहून घेते... थांबते ना! मला कुठे जायचंय?"

वॉरेन दाराला टेकून उभा होता. टिली टोपलीत स्वतःची मूठ चोखत होती. तिचे ओठ जरासे निळसर दिसत होते. मार्लिसबाई फोन कानाशी धरून तिच्याकडे पाहत होत्या.

शेवटी त्या एवढेच म्हणाल्या, "आभारी आहे." फोन ठेवला. चष्मा काढून पुसला. "ने रे तिला डॉनेटकडे. लवकर ने, त्यांचं मन बदलायच्या आत."

टिलीला माझी सुई मिळाली. शेजारच्या खोलीतून तिचे रडणे ऐकू आले आणि ते मला बँडबाजासारखे वाटले. मी ठरवूनच टाकले, की आता पुढचे महिने ही पोरगी माझी.

महिना उलटला. टिली दुसऱ्या सुईला आली, त्याच्या आदल्या दिवशीच नव्या इंजेक्शनचे खोके दवाखान्यात पोहोचले होते.

"जुनी एक झालीय, पण आता नवी देता येते," डॉक्टर पेल्कींनी वॉरेनला सांगितले. "ती दिली की या हिवाळ्यात पुन्हा यायला नको. जुनीच चालू ठेवायची तर महिन्याला एक. काय करायचं?"

मी त्याच्या तोंडाकडे पाहत होतो. अरे, तू माझ्यावर जगलास. बोल ना!

वॉरेनने खिडकीबाहेर पाहिले. बर्फ आडवा येत होता. "आई माझ्यासाठी दर महिन्याला याच रस्त्यानं यायची," तो म्हणाला. "गाडी खड्ड्यात गेली त्याची गोष्ट ती हसत हसत सांगते. पण मी लहान असताना ती झोपेत ओरडायची, 'कोट, कोट' म्हणून. नवी द्या, डॉक्टर. एकदाच द्या आणि आम्हाला घरी बसू द्या."

मार्लिसबाईंनी नवा आकडा लिहिला. माझ्या डोळ्यांदेखत, माझ्या बाळाच्या बाळाच्या नावापुढे, त्या जुळ्यांतला थोरला जाऊन बसला. त्याच्यासाठी फोन करावा लागला नाही, मूठ आपटावी लागली नाही. कंपनीने निमूट मान्य केला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी मनात म्हटले, तुला ती पोरगी काय कळणार रे? तू तिचे ओठ निळे झालेले कुठे पाहिलेस?

आणि मग मी वाट पाहू लागलो. आज सांगायला हरकत नाही, त्या हिवाळ्यात टिली मधेच खोकत दवाखान्यात येईल आणि नवा तोंडघशी पडेल, असे मला वाटत होते. ती आली नाही. एकदाही नाही. पुष्कळ बाळे खोकत आली, तिच्या नावापुढे मात्र आणखी कोणताच आकडा लिहावा लागला नाही. बर्फ वितळू लागले, तेव्हा डॉनेटने बातमी आणली, की टिलीचे ऑपरेशन झाले आणि ती बरी आहे. मार्लिसबाईंनी दुपारच्या जेवणाची मांस भरलेली करंजी बशीत तशीच ठेवली आणि बराच वेळ डोळे पुसत राहिल्या.

पुढे माझे इंजेक्शन बनवणेच बंद झाले. आता मला कोणी लिहीत नाही. मार्लिसबाईही निवृत्त झाल्या. जाण्याच्या दिवशी नव्या कारकून बाईंना आकडे समजावताना त्या माझ्यापाशी थबकल्या. "हा आता लागत नाही," म्हणाल्या. मग पडद्यावर बोट ठेवून पुढे म्हणाल्या, "पण याच्याशी नीट वाग हं. यानं पुष्कळ पोरं सुखरूप घरी पाठवलीत."

मित्रांनो, मी अजूनही जळतो. नवा दिवसभर मिरवतो, ते मला बघवत नाही. पण तुमच्या घरी पाळण्यात एखादे चिमुकले भावंड असेल, तर थंडी पडण्याआधी मोठ्यांना डॉक्टरांकडे पाठवा. वेळेवर पाठवा. विषाणू परवानगीसाठी थांबत नाही. सुई माझी असो की त्याची, याचा बाळाच्या छातीला काही फरक पडत नाही.

मला मात्र पडतो.