डाव्या दाराची वायर

मोठे दीर गाडी घेऊन दुकानात आले तेव्हा मी मनात म्हटलं, सुटले बाई एकदाची! आता दोघं भाऊ बोलतील आणि मधल्या मध्ये माझं होणारं भरीत थांबेल. गाड्यांना साउंड सिस्टिम बसवायचं हे दुकान खरं तर दोघांचं. पण आमच्या ह्यांनी एकदा गिऱ्हाइकासमोर त्यांना सांगितलं, "दादा, तुझे हात थरथरतात, तू बाजूला हो." दादांनी हातातली पक्कड खाली ठेवली आणि घरी गेले. तेव्हापासून अबोला. ह्यांना माफी मागायला कुणी अडवलं होतं? पण नाकावर माशी बसू देतील तर शपथ!

आज मात्र पुढचा वायदा करायची सोय नव्हती. दादा मुलीकडे कायमचे राहायला निघाले होते. घर रिकामं झालं होतं, सामान पुढे गेलं होतं. जाऊबाई मांडीवर उशी घेऊन मागच्या सीटवर बसल्या होत्या. इथून निघाले की थेट रस्त्याला लागायचं.

"त्याला सांग," दादा मला म्हणाले, "अँप्लिफायर मीच बसवला, दारातले स्पीकरही मीच जोडले. पण गाणं पोकळ लागतंय."

"त्यांना विचार, कधीपासून," हे म्हणाले.

दोघांमध्ये हातभराचं अंतर! "मी काय टपाल खातं आहे का?" मी म्हटलं. जाऊबाई हसल्या. हे दोघं मख्ख.

ह्यांनी गाणं लावून पाहिलं. ढोलकीत दम नव्हता, गाणाऱ्या बाईचा आवाज भिंतीपलीकडून आल्यासारखा. मग डाव्या दाराचं पॅनेल काढलं आणि आत डोकं घालून बसले ते बसलेच. एवढा वेळ तिथे काय बघायचं असतं, मला कळेना. शेवटी बाहेर आले.

"प्लस-मायनस उलटं जोडलंय. उजवा स्पीकर हवा पुढे ढकलतो तेव्हा डावा मागे ओढतो. दोघं एकमेकांचा आवाज खातात."

कोण कुणाला सांगतंय, मी मनात म्हटलं. पण नवलही वाटलं. ही चूक शिकाऊ माणसाची. ती केली म्हणून दादांनी ह्यांनाच कितीदा फैलावर घेतलं होतं.

दादा या वेळी थेट ह्यांच्याकडे बघत होते. "चुकलंच माझं," ते म्हणाले. "तू म्हणाला होतास तेच खरं. हात राहिले नाहीत आता."

बोला हो, आता तरी बोला! मी ह्यांना कोपराने ढोसलंसुद्धा. ह्यांनी दोन्ही वायरींची अदलाबदल केली, पॅनेल ठोकून बसवलं, फडक्याला हात पुसले आणि मला म्हणाले, "त्यांना सांग, झालंय."

गाणं आता कसं भरून आलं. "छान झालं," दादा म्हणाले. उगाच थोडा वेळ स्टिअरिंगवर हात ठेवून बसले. जाऊबाईंनी खिडकीतून माझा हात धरला आणि मग सोडला. गाडी गेली.

माझं डोकंच फिरलं. "एवढा मोठा माणूस सगळ्यांदेखत चूक कबूल करतो आणि तुमच्या तोंडातून ब्र निघत नाही?"

"चूक नव्हती ती."

"म्हणजे?"

हे खाली फरशीवरच बसले. "सोल्डरिंग बघितलं मी आतलं. इतकं साफ, की मला आजही जमायचं नाही. थरथरत्या हाताचं काम नव्हे ते. मुद्दाम उलटी जोडली होती वायर त्याने. जाता जाता मला खरा ठरवायला आला होता."

"हे तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?"

"हो."

मी फोन त्यांच्यापुढे धरला. "मग आत्ताच्या आत्ता सांगा त्यांना."

त्यांनी तो घेतला नाही. "कुठल्या तोंडाने सांगू? बोलणार होतो गं मी. शब्द अगदी ओठांवर होते. पण तो म्हणाला ना, तू म्हणालास तेच खरं." मग हळूच म्हणाले, "ते खोटं आहे हे ठाऊक असून, ऐकून बरं वाटलं मला."