फाटकाच्या आतली पेटी

मित्रांनो, नाक दाबायचे असेल तर आताच दाबून घ्या, कारण मी एक जुनी कचरापेटी आहे. हिरवी, वाकड्या तोंडाची आणि दोनऐवजी एकाच चाकाची. माझ्या पोटात काय काय गेले ते मी कधी कुणाला सांगितले नाही, आणि आजही सांगणार नाही. पण एका माणसाने माझे नाव घेऊन खोटी साक्ष दिली. ती गोष्ट मात्र मी सांगणारच.

माझा जन्म साच्यातला. वितळलेले हिरवे प्लास्टिक त्यात ओतले, ते थंड झाले, आणि मी झाले. आम्हा बहिणींना एकीत एक घालून ट्रकवर रचले आणि न्यू मेक्सिकोतल्या आरोयो ब्लांको गावात आणून उतरवले. नगरपालिकेने घरटी एक पेटी वाटली. मी युफेमिया बाकाच्या वाट्याला आले.

युफेमिया मिरच्या वाळवण्याच्या कारखान्यात कामाला होती. तिचे केस तेव्हा काळेभोर होते, आणि ती ते रोज सकाळी दारात उभी राहून विंचरत असे. दर मंगळवारी ती मला गडगड ओढत फाटकाबाहेर रस्त्याच्या कडेला नेई. पालिकेची गाडी मला उचलून उलटी करी, आणि रिकामी झालेली मी हलक्या अंगाने घरी येई. ते दिवस आठवले की मला अजून बरे वाटते.

शेजारी देल्फिनो राहत असे. तो युफेमियाच्या लेकीचा बाप्तिस्म्यातला धर्मपिता, म्हणून ती त्याला कोंपाद्रे म्हणे आणि तो तिला कोमाद्रे. आपल्याकडे व्याही-विहीण जसे आदराने बोलत बोलत एकमेकांना टोमणे मारतात, तसे त्यांचे चाले. एका हिवाळ्यात देल्फिनोने चुलीतली गरम राख माझ्यात ओतली. माझी कड वितळली आणि तोंड कायमचे वाकडे झाले.

“कोंपाद्रे, डोळे घरी ठेवून आलात का?” युफेमिया ओरडली.

“अहो, बरंच झालं की! आता गावभर फिरली तरी ओळखता येईल,” तो म्हणाला.

पुढे एका शरदात कारखान्यातल्या पट्ट्यात युफेमियाचा उजवा हात ओढला गेला. खांदा निकामी झाला. दारात उभे राहून केस विंचरणे बंद झाले, कारण हात कानापर्यंतही जाईना. नोकरी गेली. विमा कंपनीकडून दर आठवड्याला भरपाई येई, तिच्यावर घर चाले. मला रस्त्यावर नेण्याचे काम देल्फिनोकडे आले. त्याने पहिल्याच महिन्यात मला रस्त्याकडच्या मोरीवर आपटून माझे एक चाक मोडले.

“पुढच्या आठवड्यात नवीन बसवतो,” तो म्हणाला.

तो पुढचा आठवडा अजून आलेला नाही. एका चाकावर मी वाऱ्याने पडायची, म्हणून त्याने तारेने मला फाटकाच्या आतल्या खांबाला घट्ट बांधून टाकले. मंगळवारी तो माझ्यातल्या पिशव्या काढून हातानेच गाडीत टाकू लागला. मी मात्र तेव्हापासून, एक दिवस सोडला तर, फाटकाबाहेर पाऊल टाकले नाही.

मग कोपऱ्यावर एक पांढरी गाडी उभी राहू लागली. आत एक माणूस दिवसभर सूर्यफुलाच्या बिया सोलत बसे. शहरात असा परका दिसला तर माणसे दाराला कडी घालतील. युफेमियाला वाटले, बिचारा कुणाची तरी वाट बघतोय. तिने घेवड्याची उसळ, मिरचीचा रस्सा आणि दोन गरम तोर्तिया, म्हणजे आमच्याकडच्या मक्याच्या भाकऱ्या, ताटात वाढल्या आणि डाव्या हातात ताट तोलत रस्ता ओलांडून गेली.

“घ्या. नुसत्या बियांवर पोट भरतं का?”

त्याने ताट चाटूनपुसून परत दिले. “देव तुमचं भलं करो, मावशी,” असेही म्हणाला.

त्याचे नाव रॉइस टॅकेट. तो खासगी तपासनीस होता. त्याच्या खिशात सरकारी परवाना होता, आणि युफेमिया दुखण्याचे सोंग करते आहे का हे बघायला विमा कंपनीनेच त्याला पाठवले होते.

बघणे हा त्याचा धंदा होता, त्याबद्दल माझी तक्रार नाही. त्यांच्या धंद्यात एक रेघ असते. कचरा रस्त्यावर ठेवला की तो कुणीही उपसावा. तोच फाटकाच्या आत असला तर हात लावायचा नाही. रविवारी युफेमिया चर्चला गेली, तेव्हा टॅकेटने फाटक ढकलले, माझे झाकण उघडले, मिरच्यांची रिकामी गोणी बाहेर काढली आणि माझ्या तोंडासमोर धरून तिचा फोटो घेतला. शरदात आमच्याकडे घरोघरी गोणीभर हिरव्या मिरच्या भाजतात. ती गोणी देल्फिनोने आणली होती, त्यानेच भाजली होती, आणि अर्ध्या मिरच्या त्यानेच खाल्ल्या होत्या.

टॅकेटने अहवालात लिहिले की बाई भरलेल्या गोण्या उचलते. आणि आपण फाटकात शिरलो हे झाकायला वर लिहिले की बाईने कचरापेटी स्वतः, एका दमात, ओढत रस्त्यावर आणून ठेवली, मी डोळ्यांनी पाहिले.

कंपनीने त्या अहवालाची प्रत पाठवून युफेमियाची भरपाई बंद केली. चूल दिवसातून एकदाच पेटू लागली. माझ्या पोटात येणारा कचराही कमी झाला, मित्रांनो, यावरून काय ते समजा.

“कोमाद्रे, जाऊ द्या,” देल्फिनो म्हणाला. “कंपनीशी कोण भांडणार? त्यांच्याकडे वकिलांची फौज आहे.”

“कंपनीशी नाही भांडत. ज्यानं माझं अन्न खाल्लं त्याच्याशी भांडते. त्याला परवाना कुणीतरी दिलाच असेल ना? त्यांनाच जाऊन विचारते.”

तपासनिसांना परवाना देणारे आणि ते वाकडे वागले तर तो काढून घेणारे मंडळ राज्याच्या राजधानीत होते. युफेमियाने तिथे तक्रार केली. सुनावणीच्या दिवशी देल्फिनोने तार कापली आणि मला तशीच्या तशी त्याच्या पिकअप गाडीत चढवले. आयुष्यात पहिल्यांदा मी सभागृहात गेले. लोकांनी नाके मुरडली. मुरडा, म्हटले मी. तुमच्याच घरच्या वासांची मला सवय आहे.

मंडळाच्या अध्यक्षा व्हर्लीन ओक्स स्वतः जुन्या तपासनीस होत्या. टॅकेट त्यांच्या समोर नवा सूट घालून उभा होता.

“रॉइस, हीच का ती पेटी?”

“मॅडम, पालिकेच्या सगळ्या पेट्या सारख्याच असतात.”

ओक्सबाईंनी त्याने अहवालाला जोडलेला फोटो वर धरला. गोणी पुढे होती, आणि मागे माझे वाकडे तोंड. “असं तोंड दुसऱ्या कुणाचं बघितलंयस?”

“...हीच असेल.”

“आणि बाईंनी ही तुझ्यासमोर ओढत रस्त्यावर आणली?”

“हो, मॅडम. शपथेवर सांगतो.”

“मग तूही आण. तिथून इथपर्यंत.”

“मॅडम, मी चांगले कपडे घालून आलोय.”

“कोट काढ मग. बाई तर चर्चचे कपडे घालून आल्यात, त्या काही बोलल्या का?”

लोक हसले. टॅकेटने बाह्या सरसावल्या आणि माझी मूठ धरली. तो धिप्पाड गडी होता. त्याने मला कलंडवले, ओढले, आणि मी एका चाकावर गर्रकन फिरले. मोडलेल्या चाकाचा उघडा आस जमिनीत रुतला. त्याने आणखी जोर लावला. माझे झाकण उसळले आणि थाडकन त्याच्या हनुवटीवर बसले. मी ते मुद्दाम केले का? मित्रांनो, हो. मुद्दाम केले.

जमिनीवर लांबलचक ओरखडा उठला होता. ओक्सबाई वाकून त्याच्याकडे बघत राहिल्या.

“बाईंच्या फाटकात सिमेंट आहे. तिथं असा ओरखडा दिसला तुला?”

टॅकेट हनुवटी चोळत राहिला.

“एकही नाही!” देल्फिनो मागून ओरडला. “येऊन बघा! मी ते चाक बसवलंच नाही, मी आळशी आहे, अख्खं गाव सांगेल!”

“तुम्ही खाली बसा,” ओक्सबाई म्हणाल्या, पण त्यांच्या ओठांचे कोपरे हलले. मग त्यांनी आवाज उतरवला. “रॉइस, त्यांनी तुला ताट कुठल्या हातानं दिलं?”

टॅकेटने हनुवटीवरचा हात खाली घेतला.

“डाव्या,” तो म्हणाला.

“तेव्हा तुला कळलं होतं ना, की उजवा चालत नाही?”

“कळलं होतं.” तो जमिनीकडे बघत होता. “पण तसं लिहिलं असतं तर कंपनीनं पुन्हा काम दिलं नसतं.”

“मीही आयुष्यभर लोकांचे कचरे उपसलेत,” ओक्सबाई म्हणाल्या. “रस्त्यावरचे. आपल्याला बघण्याचे पैसे मिळतात, रचण्याचे नाही. आत शिरलास, त्याला शिक्षा कमी झाली असती. हे खोटं लिहिलंस त्याला नाही. परवाना टेबलावर ठेव.”

त्याने खिशातून ते छोटे कार्ड काढले आणि ठेवले. मला त्याची दया आली नाही. ताट परत देताना तो “भलं करो” म्हणाला होता, तेव्हा त्याचा आवाज खरा होता. म्हणूनच नाही आली.

त्याचा अहवाल खोटा ठरल्यावर कंपनीला, कुरकुरत का होईना, भरपाई पुन्हा सुरू करावी लागली. देल्फिनोने मला घरी आणून नव्या तारेने खांबाला बांधले. चाकाचे म्हणाल, तर पुढच्या आठवड्यात बसणार आहे.

मित्रांनो, आत्मकथेच्या शेवटी आमच्यासारख्या वस्तू गयावया करतात, आम्हाला जपा म्हणतात. मी नाही करणार. तुम्ही टाकलेले सगळे मी गुमान पोटात घेतले आहे, मला कुणापुढे हात जोडायचे कारण नाही. मी फक्त बजावते. दुसऱ्याच्या फाटकाच्या आत जे आहे, ते कचरा असले तरी विचारल्याशिवाय उघडू नका. आणि ज्याच्या ताटात जेवलात, त्याच्याबद्दल लिहाल ते खरे लिहा.

परवा पालिकेचा माणूस नवी कोरी पेटी घेऊन आला. तिला दोन्ही चाके होती.

“युफेमियाबाई, ती मोडकी द्या इकडं. वितळवायला न्यायची. नियम आहे. पेटी पालिकेची असते.”

युफेमिया दारात आली. तिचे केस आता पांढरे झाले आहेत, आणि ते डाव्या हाताने विंचरायला ती शिकली आहे. तिने माझ्या वाकड्या तोंडावर हात ठेवला.

“रस्त्यावर असती तर नेली असतीस, बाबा,” ती म्हणाली. “पण ती फाटकाच्या आत आहे.”

त्याने तारेकडे बघितले. मग नवी पेटी बाहेरच ठेवून निघून गेला.