दमलेल्या माणसासाठी केलेलं स्टूल

मी एक स्टूल बोलतोय. चार पायांचा, बर्मा सागाचा, वजनाला चांगलाच जड. स्टुलानं तोंड उघडावं म्हणजे अतीच झालं, असं तुम्ही म्हणाल. म्हणा. चार वर्षं मी गप्प बसलो तेवढं पुरे झालं. आज मला राग आलाय आणि तो मी गिळणार नाही.

माझा जन्म परळच्या एका कापडगिरणीच्या सुतारखात्यात झाला, छप्पन सालच्या मार्च महिन्यात. मोडीत निघालेल्या एका यंत्राखालच्या फळ्या रामजी नावाच्या कामगारानं साहेबाकडून मागून घेतल्या. जेवणाच्या सुट्टीत तो मला घडवायचा. त्याच्या उजव्या हाताच्या करंगळीला शेवटचं पेर नव्हतं. एकदा माणसं कमी म्हणून त्यानं सलग दोन पाळ्या केल्या होत्या, उभ्या उभ्या डुलकी लागली, आणि करवतीनं बोट नेलं. तेव्हापासून मिस्त्रींनी खात्याला नियमच घालून दिला. ज्याचे डोळे जड दिसतील त्याला हाताला धरून बाजूला बसवायचं. तो जुना असो, नवा असो, हुज्जत ऐकायची नाही.

मला पॉलिश करता करता रामजी सोबत्यांना सांगायचा, की हे स्टूल डॉक्टरसाहेबांसाठी आहे. जानेवारीत संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीवरून मुंबईत गोळीबार झाले, तेव्हा डॉ. मनमोहन कोठारे दोन दिवस नि दोन रात्री टेबलाजवळ उभे होते. जखमी येत होते आणि हा माणूस गोळ्या काढत होता. तिसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशनच्या यादीत रामजीचं नाव होतं. उजव्या जांघेतला हर्निया. साधं ऑपरेशन, आठवड्यानं केलं असतं तरी चाललं असतं.

"सायेबांनी नाव खोडलं नाय," रामजी अभिमानानं सांगायचा. "आणि आत बघितलं तर डावी बाजू पण कमजोर. ती पण शिवून टाकली. मला विचारायला पण लागलं नाय. देवमाणूस!"

आता जड उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. एका बाजूचा हर्निया झालेले कितीतरी जण पुन्हा खात्यात रुजू झाले होते. पण आपण दोन्हीकडून गेलेलो, असं रामजीनं धरलं. त्यानं सुतारखातं सोडलं आणि गेटावर पास तपासायचं काम मागून घेतलं. मी त्याच्या हातचं शेवटचं काम.

हातगाडीवरून तो मला इस्पितळात घेऊन आला. इस्पितळाचं नाव मी सांगत नाही. ऑपरेशनच्या खोलीशेजारी डॉक्टरांची खोली होती, तिथे त्यानं मला ठेवलं आणि डॉक्टरांच्या पायाला हात लावला.

"सायेब, आमच्यात डोळे जड झाले की मिस्त्री बसवतात. तुमाला कोण बसवणार? म्हणून ह्ये केलं. टेबलाची उंची इथल्या वॉर्डबॉयकडून मापून घेतली. बसून पण काम करता येईल."

डॉक्टरांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. मला वाटलं, मोठा माणूस, संकोचला असेल.

तो गेल्यावर सिस्टर यशोदानं दार लावून घेतलं. टेबलाशी दहा वर्षं उभी राहिलेली बाई. आवाज न चढवता ती म्हणाली, "डॉक्टर, त्याची डावी बाजू चांगली होती. तुम्ही चुकीच्या बाजूला सुरी लावलीत. मी 'सर, उजवी' म्हटलं तेव्हा कातडी उघडून झाली होती."

"माझ्या लक्षात आहे."

"मग त्याला सांगा. तो पाया पडून गेला."

"सांगून काय होणार? जखम भरली. उगाच इस्पितळाची अब्रू जाईल. दोन रात्री झोप नव्हती मला, यशोदा."

"म्हणूनच तर मी आदल्या दिवशी म्हटलं होतं, उद्याची यादी पुढे ढकला."

त्यांनी सिगारेट पेटवली आणि काडेपेटी माझ्यावर ठेवली. मला माझ्या चारही पायांची शरम वाटली. एका खोटेपणाचे आभार म्हणून मला घडवलं होतं!

त्या दिवसापासून मी त्यांना बघत राहिलो. ठाकूरद्वारच्या घरून त्यांच्या पत्नी उर्मिलाबाई रोज डबा पाठवायच्या. पोळी, वालाचं बिरडं, कधी तळलेले बोंबील. डबा माझ्यावर यायचा आणि तसाच परत जायचा. साहेब चहावर दिवस काढायचे. दिवसाला वीस-पंचवीस सिगारेटी. पाठ धरली की भिंतीला टेकायचे, पण बसायचे नाहीत. हेच डॉक्टर बाहेर रोग्याला सांगायचे, वेळेवर जेव, पुरेशी झोप घे, विडी सोड. आणि बाहेर बाकावर बसलेली माणसं म्हणायची, "काय डॉक्टर आहे! दोन दोन दिवस जेवत नाही!"

ऐकून मला संताप यायचा. अरे, न जेवलेल्या माणसाच्या हातात सुरी आहे आणि तुम्ही कौतुक काय करता? गिरणीतला माणूस दोन पाळ्या करतो तेव्हा मिस्त्री त्याला यंत्रापाशी फिरकू देत नाहीत. इथे पोट उघडायचं असतं, आणि पेंगणाऱ्याला हार घालतात! शिकाऊ डॉक्टरसुद्धा किती तास झोपलो नाही ते एकमेकांना फुशारकीनं सांगायला लागले.

दर जानेवारीत रामजी संत्री घेऊन यायचा. दुसऱ्या वर्षीपासून त्यानं पाया पडणं सोडलं. दरम्यान त्यानं बौद्ध धम्म घेतला होता. आता तो ताठ उभा राहून हात जोडायचा. पण माया तीच.

"तब्येत जपतो ना?" डॉक्टर विचारायचे.

"जपतो तर. पाण्याची कळशी पण माझी बायको राधाच भरते. पोरगी शैला दोन वर्षांची होती ऑपरेशनच्या वेळी. आता पाचाची झाली, पण उचलली नाय अजून. रडते कधी कधी. मी सांगतो, बाबा दोन्हीकडून शिवलेला हाय."

सिस्टर यशोदा डॉक्टरांकडे बघायची. डॉक्टर खिडकीकडे बघायचे. मला तेव्हा तोंड फुटलं असतं तर त्याच वेळी ओरडलो असतो, की अरे रामजी, उचल तिला!

साठ सालच्या मे महिन्यात, महाराष्ट्र राज्य झालं त्या आठवड्यात, तो पेढे घेऊन आला. पेढ्याचा पुडा माझ्यावर ठेवायला वाकला आणि थबकला. मग त्यानं माझ्यावरून हात फिरवला. घडवणाऱ्याचा हात चार वर्षांनी लागला.

"सायेब, तुमी ह्याच्यावर कधी बसलाच नाय."

"बसतो की रे. मधूनमधून."

"नाय. माणूस बसला की मधलं पॉलिश उडतं. हितं मधे लावलं तस्संच हाय. कडेला चहाची वर्तुळं आणि सिगरेटीचे चटके." त्याचा आवाज दुखावला होता. "माझं शेवटचं काम होतं, सायेब."

डॉक्टरांचा चेहरा राखेसारखा झाला. ते चाचपडत खाली आले आणि माझ्यावर बसले. चार वर्षांत पहिल्यांदा. किती हलका झाला होता तो माणूस.

"रामजी, तुझ्या डाव्या बाजूला काही झालेलं नव्हतं. मी चुकीची बाजू कापली. थकलो होतो. मग तुला खोटं सांगितलं."

रामजीनं डाव्या बाजूला हात नेला.

"कायच नव्हतं?"

"काही नाही."

"म्हंजे मला बाकीच्यांगत काम करता आलं असतं? पोरीला घेतली असती तर..."

"सगळं करता आलं असतं."

रामजीनं आपल्या अर्ध्या करंगळीकडे बघितलं. मग म्हणाला, "थकून हात चुकतो, ते मला कुणी सांगायला नको. तेवढं मी पोटात घातलं असतं. पण चार वर्षं माझी संत्री खाल्लीत तुमी." तो पुढे झाला. "उठा. ह्ये मी दमलेल्या माणसासाठी केलं होतं. खोटं लपवणाऱ्यासाठी नाय."

डॉक्टर उठले. रामजीनं मला डाव्या हातानं उचललं, डाव्या खांद्यावर घेतलं आणि जिना उतरला. दर पायरीला त्याचा श्वास भीतीनं अडकत होता. काही झालं नाही. परळपासून घोडपदेवपर्यंत त्यानं मला खाली ठेवलं नाही.

चाळीतल्या खोलीत शिरल्यावर त्यानं मला बुद्धाच्या तसबिरीखाली टेकवलं आणि शैलाला उचललं. सहा वर्षांची पोर, पाय लांब लोंबत होते. ती घाबरून ओरडली, "बाबा, खाली ठेवा! तुमचे टाके तुटतील!"

त्यानं ठेवलं नाही. तो रडत होता, आणि राधा दारात कळशी घेऊन तशीच उभी होती.

हल्ली शैला माझ्यावर बसून अभ्यास करते. मधलं पॉलिश उडायला लागलंय. मी सुखात आहे, पण राग गेलेला नाही. इस्पितळातल्या त्या खोलीत माझी जागा आता रिकामी आहे आणि साहेब अजून उभेच असतील. तुम्ही कधी तिथल्या बाहेरच्या बाकावर जाऊन बसलात, तर त्यांना देवमाणूस म्हणू नका. आत जा, त्यांचा हात धरा आणि त्यांना बसवा. हुज्जत ऐकू नका.