दोनशे नव्हे, साठ

कल्पना करा बरं बाळांनो, तुमच्या घशाला कोरड पडली आहे, उशाशी पाण्याने भरलेला तांब्या आहे, आणि तुम्हाला प्यायची परवानगी आहे फक्त चार घोटांची!

भिंगरीची तीच गत झाली होती. दहा वर्षांची पोर, पाय एका जागी ठरेना, म्हणून हे नाव. आधी साधा ताप आला. तो उतरला, पण चेहरा सुजला, अंगावर काळेनिळे डाग उठले, आणि लघवी जवळजवळ थांबली.

"विषाणू जाता जाता खोडी काढून गेला गं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "रक्तात बारीक गुठळ्या झाल्या. त्यांनी तांबड्या पेशी फोडल्या, मूत्रपिंडाच्या गाळण्या तुंबवल्या. लघवी वाढली तर ठीक, नाहीतर थोडे दिवस मशीनने रक्त गाळू. पाणीही लघवीच्या मापावरच मिळणार."

सकाळी भिंगरीने लघवीचं मापाचं भांडं दवाखान्यात सोबतीला राहिलेल्या मावशीच्या हाती दिलं. मोरीत नळ वाजला. मावशीने कागदावर लिहिलं, दोनशे मिली.

"मावशी, साठ होती. मी खूण बघितली होती."

"हळू बोल! एवढी जाड सुई टोचतात त्या मशीनसाठी. दोनशे दिसलं की बाई गप्प बसतील. पाणीही जास्त मिळेल तुला."

पाणी! भिंगरीची जीभ टाळूला चिकटली होती.

"आणि प्यायलेलं पाणी जाईल कुठे? अजून फुगू का मी?"

"तोंड उघडलंस तर बघ! मोठी मी की तू?"

"मोठी तूच. पण मूत्रपिंडं माझी आहेत."

तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या. कागद बघून त्यांचा चेहरा खुलला. "दोनशे? शाबास! मग मशीन राहू दे."

मावशीने डोळे वटारले, पण ते डोळे भरलेले होते.

"त्यात नळाची भर आहे," भिंगरी म्हणाली. "मला भीती वाटते मशीनची. खूप वाटते. पण मला खोटं खोटं बरं नाही व्हायचं!"

मग तिने बाईंच्या हातातून कागद ओढून घेतला, दोनशेवर आडवी रेघ मारली, आणि शेजारी ठसठशीत आकड्यांत लिहिलं, साठ.