लांबून दिसणारी गाडी

"बसून तर बघा," म्हणत डॉक्टरांनी बुलेटची किल्ली श्रीमंतच्या हातात ठेवली.

मिरजगावच्या दवाखान्याच्या आवारात, लिंबाखाली ती उभी होती. डॉक्टरांची बदली झाली होती आणि नव्या ठिकाणी त्यांना जीप मिळणार होती. श्रीमंत देवीची लस टोचायला सायकलवर वाड्यावस्त्या पालथ्या घालायचा. मोटरसायकलसाठी त्याला नुकताच सरकारी अग्रिम मंजूर झाला होता, पगारातून फेडायचा. त्यात डॉक्टरांची ही बुलेट घेता येत होती, नाहीतर नगरहून नवी राजदूत. दोन्ही घेणं जमणार नव्हतं, नाव श्रीमंत असलं तरी.

तिसऱ्या किकला बुलेट सुरू झाली. आवाज पार बाजारपेठेपर्यंत गेला. कुणीतरी ओरडेल असं वाटून श्रीमंतनं ती लगेच बंद केली.

त्याचे वडील रंभाजी भाकरी घेऊन आले होते. त्यांनी गाडीला एक फेरी मारली आणि धोतराच्या सोग्यानं टाकीवरची धूळ पुसली.

"हिच्यावर बसल्यावर मानूस लई लांबून दिसत आसंल," ते म्हणाले.

म्हातारा भ्याला, असं श्रीमंतला वाटलं. त्यांच्या गावात बुलेट एकच होती, आबासाहेब पाटलांची, आणि ती चावडीपुढं उभी असायची. रंभाजी पूर्वी त्या गावचे येसकर होते, वेशीची राखण आणि गावकीची कामं करणारे. मामलेदाराच्या घोड्यापुढं धावत ते कर्जतपर्यंत जायचे. बौद्ध झाल्यावर त्यांनी येसकराची काठी टाकली, त्याला पंधरा वर्षं होऊन गेली. पण चावडी आली की अजून त्यांची मान खाली जायची आणि वहाणा आपोआप हातात यायच्या. असा माणूस बुलेटवर बसून चावडीपुढनं कसा जाणार? श्रीमंतनं त्यांना विचारलं नाही. स्वतःच ठरवून टाकलं.

डॉक्टरांना त्यानं सांगितलं, की राजदूत हलकी आहे, बांधावरनं जाते, ओढ्यात अडकली तर एकट्याला उचलता येते. यातलं काहीच खोटं नव्हतं. डॉक्टरांना ते पटलं. सांगताना श्रीमंतला ना बरं वाटलं ना वाईट. टोचणीचं रजिस्टर वाचून दाखवावं, तसं तो सांगत गेला.

आठवड्यानं तो नगरहून राजदूत घेऊन आला. गावाच्या फाट्यावर रंभाजी वाट बघत उभे होते. धुतलेलं धोतर, डोक्याला फेटा आणि पायात तेल लावलेल्या वहाणा. त्यांनी गाडीकडं पाहिलं.

"ही व्हय?"

"बांधावरनं जाती, दादा."

"जात आसंल," म्हणत ते मागं बसले.

ओढ्याच्या वाटेनं घरी जाऊ का, असं श्रीमंतनं विचारलं. चावडी टळली असती.

"गावातनं घे," रंभाजी म्हणाले.

चावडीपुढं आबासाहेबांनी हात वर केला. श्रीमंतनं गाडी थांबवली. आबासाहेब तसे वाईट नव्हते. देवीची साथ आली तेव्हा नातवंडांचे दंड त्यांनी स्वतः धरून श्रीमंतपुढं केले होते. त्यांनी राजदूतच्या टाकीवर थाप मारली.

"बरं केलंस, श्रीमंता. मला वाटलं, डाक्टरची बुलेट घेतोस का काय. ही शोभती तुला."

ते अगदी मनापासून बोलले. श्रीमंत हसला. "व्हय, आबासाहेब," असं त्याच्या तोंडून निघालं. आता आपल्याला राग येईल म्हणून तो थांबला, पण राग आला नाही. आत काहीच हललं नाही.

तेवढ्यात मागची सीट हलकी झाली. रंभाजी खाली उतरले होते. श्रीमंतनं सवयीनं त्यांच्या हाताकडं पाहिलं. हात रिकामे होते. वहाणा पायातच होत्या, आणि त्या वाजवत ते रस्त्याच्या मधून चावडीपुढनं निघाले. आबासाहेब बघत राहिले.

श्रीमंत पहिल्या गिअरमध्ये त्यांच्या मागं गेला. वळणाच्या पुढं त्यानं वडलांना गाठलं.

"बसा की, दादा."

"चालत येतो."

"दमाल."

रंभाजी चार पावलं तसेच चालले. मग पुढं बघतच म्हणाले, "लांबून दिसावं, म्हनून म्हनलो हुतो म्या."

दवाखान्यातली बुलेट कालच दुसऱ्या कुणीतरी नेली होती. तो मागंच राहिला. गाडी पडू नये म्हणून दोन्ही पाय जमिनीला घासत, वडलांच्या चालीनं, इंजिन गुरगुरत ठेवून. पुढं माणूस आणि मागं गाडी, असे ते वस्तीच्या रस्त्याला लागले. घोड्यापुढं त्यांना धावावं लागायचं. आज रंभाजींना कसलीच घाई नव्हती.