एका कानाची कढई

मी एक जुनी बिडाची कढई आहे. मला एकच कान उरलाय, दुसरा प्रवासात तुटला. पण मित्रांनो, ऐकू मला सगळं येतं.

ओताऱ्याने मला वाळूच्या साच्यात ओतलं तेव्हा मी खरखरीत आणि हट्टी होते. जे टाकाल ते धरून ठेवायचे. मग माझ्या मालकिणीच्या आईने मला वीस वर्षं तेल पाजलं आणि माझं पोट काळंभोर, तुकतुकीत झालं. गुळात परतलेली रताळी माझ्यातच होत. ती खरं तर तोंडी लावायला, पण ताटातून सगळ्यांत आधी तीच संपत. याचा मला गर्व होता, खोटं कशाला बोलू?

मालकीण लग्नानंतर परदेशी निघाली तेव्हा सामानाचं वजन जास्त भरलं. तिने जाड कोट काढला आणि मला ठेवलं. पहिल्या थंडीत ती कुडकुडली, पण रताळी गरमागरम खाल्ली.

तिथे ती कपडे शिवायच्या कारखान्यात लागली. तीस बायका, प्रत्येकीचा मुलूख वेगळा. जेवायला सगळ्या लांब टेबलाशी बसत, ही मात्र डबा घेऊन खिडकीशी उभी. दर शनिवारी प्रत्येकीने घरचा एक पदार्थ आणायचा असं ठरलेलं होतं. हिने तीन महिने टाळलं.

"ह्या शनिवारी मी रताळी नेणार," ती शेवटी नवऱ्याला म्हणाली. "नाही आवडली, तर पुन्हा त्या टेबलाकडे फिरकणार नाही."

नवरा भारी मदतीचा. शनिवारी तो तिच्याआधी उठला आणि साबण लावून, तारेच्या घासणीने त्याने मला घासघास घासलं.

"बघ, कशी लख्ख केली."

तिने कपाळाला हात लावला. "अहो, आईचं वीस वर्षांचं तेल धुतलंत तुम्ही."

"मला वाटलं मळ आहे," तो पुटपुटला.

वेळ नव्हता. तिने तशीच रताळी टाकली, आणि सांगायला लाज वाटते, मी ती धरून ठेवली. खालची गुळासकट बुडाला चिकटली. डब्यात काढता येईनात, म्हणून तिने मलाच टॉवेलात गुंडाळून बसने नेलं.

तिने मला टेबलावर ठेवलं आणि ती तिथेच उभी राहिली. बायकांनी वरवरची रताळी वाढून घेतली. तळ दिसू लागला तशी ती घाईने माझ्यावर टॉवेल ओढू लागली. तेवढ्यात इस्त्रीवरची म्हातारी, जी एरवी कुणाशी बोलत नसे, चमचा घेऊन आली आणि माझं बूड खरवडू लागली.

"आजी, ते करपलंय," मालकीण म्हणाली.

"करपलंय कुठे? ही तर खरवड. आमच्याकडे हिच्यासाठी सहा भावंडं भांडायची. आई पाळ्या लावायची." तिने दुसरा घास घेतला. "आणि तू बस की. उभ्याने जेवतात का?"

मालकीण बसली. बघता बघता माझ्यात पाच-सहा चमचे खणखणू लागले. मला गुदगुल्या होत होत्या.

मित्रांनो, जुन्या भांड्यावरचा प्रत्येक काळा थर म्हणजे मळ नव्हे. घासायला बसण्याआधी घरात कुणाला तरी विचारा. आता नवरा मला रोज स्वतः तेल लावतो, चुकलं त्याचं म्हणून. माझं पोट पुन्हा तुकतुकीत होत आलंय.

फक्त शनिवारी सकाळी मालकीण तेल जरा कमी घालते, आणि रताळी मुद्दाम थोडी चिकटू देते.