कॉलरच्या आतला दोरा

आपलं नाव संगणकाला लागणार हे कळल्यापासून आक्कांचे पाय जमिनीवर नव्हते. बाई जेमतेम तिसरी शिकलेली, सही करायची तर घाम फुटायचा. आणि लेकानं आपल्या ऑपरेटिंग सिस्टिमचं नाव ठेवलं 'आक्का'! संगणक चालू केला की सगळ्यांच्या आधी जी जागी होते आणि मग बाकीच्यांना कामाला जुंपते, ती सिस्टिम.

"म्हणजे मीच की," आक्का म्हणाल्या होत्या. चष्मा लावलेला, गळ्यात टेप अडकवलेला त्यांचा फोटो पेपरात छापून आला, तो त्यांनी स्वतः स्टुलावर चढून दुकानाच्या दारावर चिकटवला.

दुकान गणवेश शिवायचं. आठ मशिनी, आठ बायका. नियम आक्कांनीच घातलेला: जिनं शिवलं तिनं कॉलरच्या आत आपल्या रंगाच्या दोऱ्याचा एक टाका टाकायचा. शिवण उसवून गणवेश परत आला की कॉलर उलटायची. हिरवा दोरा दिसला की हिरवीचा उद्धार.

कापायच्या टेबलाच्या टोकाला, खिडकीशी, सून संगणक घेऊन बसायची. अकरा वर्षं. लेक सिस्टिमबद्दल सभांमधून बोलायचा, तिच्या ओळी ही लिहायची. ही सिस्टिम फुकट आणि मोकळी. कुणीही घ्यावी, उसवावी, नव्यानं शिवावी. देशोदेशीची माणसं तिच्यात टाके घालून जायची.

सिस्टिमच्या नव्या आवृत्तीच्या उद्घाटनाच्या आदल्या दुपारी सुनेचा फोन वाजला. ती खांद्यानं फोन धरून पडत्या आवाजात बोलत होती. "हो, चूक माझीच. आज दुरुस्त करते."

"कोण गं?"

"एक ग्रंथालय आहे. नवी आवृत्ती आधीच वापरून बघायला दिलीय, तिच्यावर त्यांचा प्रिंटर चालेना."

"मग तुला कशाला झापतायत? माझ्या लेकाला लावा म्हणावं फोन!"

"प्रत्येक ओळीवर लिहिणाऱ्याचं नाव असतं, आक्का. तुमच्या दोऱ्यासारखं. बिघडलं की बघतात कुणाचं ते."

"तुझं किती ओळींवर?"

"निम्म्याहून जास्त."

आक्कांनी कात्री खाली ठेवली. "आणि ती मानाची यादी असते म्हणतात, ती दाखव."

सून टाळत होती, पण आक्कांपुढे टाळणं कुणाला जमलंय? यादी उघडली. सगळ्यात वर लेक. खाली एक्केचाळीस नावं. ज्यानं एक टिंब बदललं त्याचंसुद्धा. आक्कांना वाचता फारसं येत नसलं, तरी सुनेच्या नावाची अक्षरं त्या ओळखायच्या. तिची पार्सलं त्याच घ्यायच्या ना! बोट वरून खाली दोनदा फिरलं.

"तू कुठायस?"

"होते. मागच्या महिन्यापर्यंत. मी म्हटलं, उद्घाटनाला मीही बोलेन. आठ दिवसांत माझं नाव गेलं, सिस्टिमचं जुनं नावही गेलं, ते मी ठेवलेलं होतं. त्या जागी तुमचं आलं. आईच्या नावाला मी हरकत घेणार? सासूवर जळते म्हणून गावभर झालं असतं."

आक्कांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तेवढ्यात लेक आला, उद्याच्या कोटाला बटण लावून घ्यायला.

"हिचं नाव का नाही रे?"

"अगं आई, ती घरचीच आहे. घरच्यांची नावं कोण लिहितं?"

"आणि मी काय शेजारची?"

तो हसायला गेला. "तुझं प्रेमानं दिलंय."

"प्रेमानं? माझा आडोसा केलास, मेल्या. आईला पुढं उभं करून बायकोचा केसानं गळा कापलास. अन् मी वेडी, स्टुलावर चढून फोटो लावते!"

लेकाचा चेहरा उतरला, मग ताठ झाला. "तुझंच बघून शिकलो. गणवेशावर बाहेर लेबल कुणाचं? आक्का. आत दोरे यांचे. कुणाचं कौतुक करायला तू कधी कॉलर उलटलीस, सांग."

आक्कांनी मशिनींकडे पाहिलं. आठही थांबल्या होत्या. त्यांना वाटलं, कुणी तरी म्हणेल, असं नाही हो, आक्का तशा नाहीत. हिरवी दोरा ओवत राहिली. बाकीच्यांनी माना वर केल्या नाहीत.

"उद्या दहाला तुला न्यायला गाडी येईल," लेक म्हणाला आणि बटणाविनाच गेला.

"तू ती सिस्टिम उचलून वेगळं नाव दे की," आक्का सुनेला म्हणाल्या. "मोकळी आहे म्हणतेस ना?"

"देता येईल. पण लोक ओळखीच्या माणसाकडे जातात, सभांमधून त्यांना तोच दिसतो. माझी अकरा वर्षं पुन्हा पहिल्यापासून."

दुसऱ्या दिवशी दहाला गाडी आली, हॉर्न वाजवून वाजवून गेली. आक्का एका गणवेशाचं लेबल उसवत बसल्या होत्या. उसवलं खरं, पण त्या जागी काय लावायचं ते त्यांना सुचेना. दारावर फोटोच्या चिकटपट्टीचे चार डाग राहिले होते.

सुनेचा फोन वाजला. तिनं पाहिलं आणि उचलला नाही. "ग्रंथालय. आज मी घेणार नाही. ज्याचं नाव आहे त्यानं निस्तरावं."

"नाव तर माझं आहे," म्हणत आक्कांनी फोन कानाला लावला. "हॅलो, आक्का बोलतेय. हो, तीच, फोटोतली. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. जिनं केलंय तिचं नाव सांगते, कागद घ्या."

एकेक अक्षर सुटं करून त्यांनी नाव सांगितलं.

"लिहिलंत? आता वाचून दाखवा."